रात्रपाळीत देवमासा

तुझ्या आईला सयाजी हॉस्पिटलात नाईट,
शेजारच्या कपिलाबेन डाकोरला गेलेल्या,
म्हणून जिगू, तुला
स्वेटरसकट, उशीसकट, थेपल्यांच्या डब्यासकट
मागच्या दाराने आत घेतलं.
कुणाला सांगायचं नाही हं, म्हणालो.
तू मान डोलावलीस, आणि पहिल्याच दालनात
पेंढा भरलेल्या अस्वलाला सांगून टाकलंस.

काचेखालच्या पाटीवरची अक्षरं जुळवत वाचलीस:
म-मी.
मग मला विचारलंस,
कुणाची?

अकरा वर्षं राखतोय मी तिला.
दर तासाला टॉर्च मारून बघतो, आहे ना जागेवर.
हा प्रश्न कधी पडला नव्हता.

वरच्या मजल्यावरच्या कल्लेवाल्या गोऱ्या म्हाताऱ्यांना
तू एकेकाला गुड नाइट म्हणालीस.
एक जण रागावलेलाच राहिला.
त्याला दोनदा म्हणालीस.

मग देवमासा.

तू शेपटीकडून, मी डोक्याकडून,
तू शाळेतल्या गुजरातीत, मी घरातल्या मराठीत
मणके मोजत निघालो.
मध्ये कुठेतरी तुझं ओगणत्रीस
माझ्या एकतिसावर येऊन आदळलं.
पुन्हा मोजले तर एक कमी.
कुणीतरी खाल्ला, म्हणालीस,
आणि थेपल्याचा चावा घेतलास.

"बाबा, याच्या पंखात बोटं आहेत."
असतील कशी, म्हणत मी टॉर्च वळवला.
होती.
सांधे, पेरं, सगळं.
एवढ्या मोठ्या वल्ह्याच्या आत
कुणीतरी हात लपवून ठेवल्यासारखा.
"याला मोजता येत असेल?"
येत असेल, म्हटलं. पाण्यात दुसरं काय काम.

अडीचच्या सुमाराला बागेपलीकडचा सिंह ओरडला.
ओरडला कसला, कण्हला.
पिंजऱ्यातला तो जिवंत आहे, आणि म्हातारा झालाय.
तू उठून आपल्या वाघाचे कान बघून आलीस.
"हलले नाहीत," म्हणालीस,
"पण त्याने ऐकलं."

पुढच्या महिन्यात इथे कॅमेरे बसणार आहेत.
सुपरवायझर म्हणतो, कॅमेरा झोपत नाही,
चहाला जात नाही.
त्याची मुलगीही
कुठे ठेवायची म्हणून
अशी त्याच्या कुशीत आणावी लागत नसेल.
हे तुला सांगितलं नाही.
तू तोवर बरगड्यांखालच्या घोंगडीवर
तोंड उघडं टाकून झोपली होतीस.

'हात लावू नये' ही पाटी
दर सोमवारी मीच पुसतो.
आज टॉर्च बंद केला
आणि त्याच्या बोटांना हात लावला.
थंड असेल असं वाटलं होतं.
न्हाणीतल्या जुन्या साबणाच्या वडीसारखा लागला,
जरा चिकट, तेलकट.
मरून इतकी वर्षं झाली
तरी आतलं तेल अजून झरतंय थोडं थोडं.
हात पँटला पुसला.
वास गेला नाही.

पहाटे वहीत लिहिलं, बधुं बराबर छे,
वेळ घातली, सही केली.
तुला खांद्यावर घेऊन मागच्याच दाराने बाहेर आलो.
विश्वामित्रीवर धुकं होतं, आणि धुक्यात मगरी असतील,
पण तू बघायला जागी नव्हतीस.
शेवउसळीच्या वासाने जागी झालीस.
तिखटाने डोळ्यांत पाणी, नाकात पाणी,
तरी तर्री आणखी मागितलीस.

हॉस्पिटलच्या गेटातून तुझी आई आली,
केस विस्कटलेले, हाताला स्पिरिटचा वास.
कुठे होतात रात्रभर, हे तिने विचारायच्या आत
तू तुझी पाची बोटं पसरून तिच्यापुढे धरलीस
आणि म्हणालीस,
मोज.